मॉन्टिचेलो की मॉन्टपेलिअर? हातात एकच दिवस असेल तर

वॉशिंग्टन डीसीकडची आपली मंडळी पाहुणे आले की बहुतेक वेळा मॉन्टिचेलोला नेतात, आम्हीही आधी तेच केलं. अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याचं व्हर्जिनियातलं घर, निकेलच्या म्हणजे पाच सेंटच्या नाण्यावर असलेलं, त्यामुळे फारसा विचार करावा लागत नाही. पण तिथून साधारण तीस मैलांवर ऑरेंज गावाजवळ त्याच्या जिवलग मित्राचं, म्हणजे त्याच्यानंतरचा अध्यक्ष जेम्स मॅडिसन याचं घर, मॉन्टपेलिअर आहे. माझं मॉन्टिचेलो एकदा झालं, मॉन्टपेलिअर दोनदा, म्हणून ज्यांचं ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

नुसतं घर बघायचं तर मॉन्टिचेलोच, यात वाद नको. आत शिरल्या शिरल्या ते मोठं घड्याळ, त्याची तोफगोळ्यांसारखी वजनं भिंतीवरून खाली उतरत वार दाखवतात, आणि दोरीला उंची पुरली नाही म्हणून जमिनीला भोक पाडलंय, शनिवार थेट तळघरात! आमची मुलं तिथून हलायलाच तयार नव्हती. डोंगराच्या उतारावरची हजार फूट लांब भाजीची बागसुद्धा जीव लावून राखलीय. त्यामानाने मॉन्टपेलिअर जरा रिकामं वाटतं. मॅडिसन १८३६ मध्ये गेला, पुढे कर्ज वाढलं आणि १८४४ मध्ये त्याच्या बायकोला, डॉलीबाईंना घर विकावं लागलं, नंतर ड्यू पाँट कुटुंबाने ते केवढं तरी वाढवलं, आणि २००३ ते २००८ मध्ये ती सगळी वाढीव बांधकामं उतरवून परत मॅडिसनच्या वेळचं घर उभं केलं. वस्तू बघायला जाणाऱ्याची थोडी निराशा होऊ शकते.

माझं मत फिरलं ते एका बारीकशा गोष्टीने, मॉन्टिचेलोत मला थांबताच आलं नाही. जेफरसनचा पलंग झोपायची खोली आणि अभ्यासिका यांच्या मधल्या कोनाड्यात आहे, तिथेच तो ४ जुलै १८२६ ला गेला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. मला तिथे नुसतं उभं राहायचं होतं, पण मागची बॅच दारात आलेली, पुढची खोली मोकळी झालेली, चला चला. उन्हाळ्यातला शनिवार होता, गर्दी असणारच, गाइडताई सांगतही छान होत्या. तुम्ही आडवारी गेलात तर कदाचित वेगळं वाटेल, पण मला ती रुखरुख घरी येईपर्यंत होती.

मॉन्टपेलिअरला आम्ही पाच-सहा जणच होतो. वरच्या मजल्यावर मॅडिसनची लायब्ररी, जेफरसनने पॅरिसहून पेट्या भरून पाठवलेली पुस्तकं घेऊन तो बसायचा, ग्रीक संघ का मोडले, डच आणि स्विस कसे चालले याची टिपणं काढायचा, आणि त्यातूनच १७८७ च्या फिलाडेल्फियाच्या घटना अधिवेशनात मांडलेली व्हर्जिनिया योजना, म्हणजे अमेरिकेच्या घटनेचा सुरुवातीचा आराखडा, आली. खिडकीतून समोर ब्लू रिजचे डोंगर दिसतात. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो, कुणी हलवलं नाही.

तिथे उभं असताना बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण आठवत होतं. एका पिढीने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये हा जेफरसनचा विचार त्यांनी त्यात सांगितलाय, आणि म्हणून घटनादुरुस्तीची वाट मोकळी ठेवलीय हेही. हाच विचार जेफरसनने १७८९ मध्ये पॅरिसहून मॅडिसनला पत्रात लिहिला होता, कुठलीही घटना एकोणीस वर्षांनी आपोआप संपावी असा. मॅडिसनने १७९० मध्ये शांतपणे उत्तर दिलं की आधीच्यांनी केलेल्या सुधारणांचा फायदा पुढचे घेतात, तर त्याचं देणंही त्यांच्याकडे येणारच. मी भाषण वाचलं तेव्हापासून जेफरसनच्या बाजूचा, पण त्या खोलीत मॅडिसनचं म्हणणं पहिल्यांदा पटलं.

गुलामगिरीच्या बाबतीत दोघांपैकी कुणालाच झुकतं माप देता येत नाही. जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं होती, मृत्युपत्रात सुटली पाच, मॅडिसनने मृत्युपत्रात एकालाही सोडलं नाही. दोन्हीकडे हे उघडपणे सांगतात, मॉन्टिचेलोची मलबेरी रो, म्हणजे गुलाम माणसं जिथे राहायची आणि राबायची ती वाट, नक्की बघा. पण मॉन्टपेलिअरच्या तळघरात विटांवर त्या माणसांच्या बोटांचे ठसे दिसतात, ओल्या मातीत उमटलेले, काही तर लहान मुलांचे वाटावेत इतके छोटे. माझी मुलगी त्यावर स्वतःचं बोट धरून बघत होती, हात न लावता.

तेव्हा शाळकरी मुलं किंवा पहिल्यांदाच अमेरिकेत आलेले आईबाबा बरोबर असतील तर मॉन्टिचेलोला जा, शक्यतो आडवारी. बाकीच्यांना मी मॉन्टपेलिअरच सुचवेन, आणि लायब्ररीत पोचलात की ग्रुपच्या शेवटी रहा, म्हणजे खिडकीपाशी दोन मिनिटं जास्त मिळतात.