विचारायचं की वावरात जाऊन पाहायचं?

काटोल-सावनेरकडच्या कापूस उत्पादकांना दिलेल्या प्रशिक्षणाचा उपयोग किती झाला, हे मोजायचंय? मग एकतर प्रश्नावली घेऊन घरोघरी फिरा, नाहीतर वावरात जाऊन पाहा. प्रश्नावली स्वस्त पडते. पाहणीत वेळ जातो, त्यात पावसाळ्यात काळ्या जमिनीत गाडी धुऱ्यापर्यंत पोचत नाही.

खतापुरतं विचारलं तरी चालतं. बॅगा पैसे मोजून आणलेल्या असतात, त्यामुळे आकडा लक्षात राहतो. उत्तर मात्र बॅगांतच घ्या (युरियाची 45 किलोची, डीएपीची 50 ची). ‘हेक्टरी किती किलो?’ विचारलं तर अंदाजच हाती येईल. एकरांचाही भरवसा नको. लहान तुकडा सांगताना मोठा होतो, मोठा लहान. अनेक देशांत जीपीएसने मोजल्यावर हेच दिसलंय.

खरी गोची गुलाबी बोंडअळीत. ‘कामगंध सापळे लावता का?’ ‘हो.’ आणि ते खोटंही नसतं, सापळा टांगलेला असतो! आतली ल्युअर (मादी पतंगाच्या वासाची गोळी, जिच्याकडे नर ओढले जातात) कधी बदलली, पतंग कोण मोजतं, हे वावरातच कळतं. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज आठ पतंग आले की फवारायचं, हे पाठ असलेला माणूसही शेजाऱ्याचा पंप सुरू झाला की फवारू शकतो. म्हणून माहिती आणि वापर वेगवेगळे मोजा. माहितीसाठी ‘माहीत आहे का?’ विचारू नका, ‘किती पतंग दिसले की फवारता?’ असं विचारा. औषध झाकणाने मोजत असतील तर ते झाकण आणि पंप दोन्ही बघायला मागा.

फरदडीबद्दल (हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी ठेवून घेतलेलं पीक; त्यावर बोंडअळी टिकते) तर विचारण्यात अर्थच नाही. नोव्हेंबरात सगळेच ‘डिसेंबरात पऱ्हाटी उपटणार’ म्हणतात; पुढे भाव चढला की ती उभीच राहते. मंजुरी नसलेल्या बियाण्याबद्दलही खरं कोण सांगणार?

आणखी एक, प्रशिक्षण देणाऱ्यालाच विचारायला पाठवू नका. त्याला ऐकायचं असतं तेच उत्तर मिळतं.

माझं मत: प्रश्न सगळ्यांना विचारा, पण दर पाचातलं एक वावर चिठ्ठी काढून, मालकाच्या परवानगीने, त्याच आठवड्यात पाहा. दोन्हींत फार तफावत आली तर बाकीच्या चार उत्तरांवरही विसंबू नका. पैसे कमी पडले तर घरं कमी करा, पाहणी सोडू नका. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात ठेवा. फरदडीसाठी जानेवारीत वेगळी फेरी लागेलच.