धंतोलीतले वाचनालय आणि सरत्या वर्षाची फाइल

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी एक काम दरवर्षी नेमाने करतो. धंतोलीतल्या आमच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन जानेवारीपासूनच्या वर्तमानपत्रांच्या फाइली मागतो आणि सरलेले वर्ष पहिल्या पानापासून पुन्हा वाचतो. 2025 च्या डिसेंबरात अशा पाच सकाळी तिथे घालवल्या, आणि त्या सेवेविषयी नागपुरातल्या वाचकांना सविस्तर सांगावे असे वाटले. मी तटस्थ माणूस नाही, हे आधीच स्पष्ट करतो. ऐन तारुण्यात शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला छातीवर लावला, तेव्हापासून दिल्लीत किंवा वॉशिंग्टनमध्ये काहीही ठरले तरी त्याने आमच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, भावाचे काय होणार, हाच माझा पहिला प्रश्न असतो.

वाचनालयाची मासिक वर्गणी पन्नास रुपये आहे, आणि वर्तमानपत्रे वाचायला तर वर्गणीचीही अट नाही. सकाळी आठला दार उघडते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी दैनिके लाकडी उतरत्या मेजावर पितळी पट्टीत अडकवून ठेवलेली असतात, त्यामुळे सत्तेची पाठराखण करणारे पत्र आणि तिच्यावर टीका करणारे पत्र एकाच मेजावर शेजारी शेजारी येतात. पक्षाभिमानी माणसाला याची फार गरज असते. मोबाइलवर माझ्यापुढे माझ्याच मताच्या बातम्या येत राहतात. या मेजावर मात्र बिहारमधला एनडीएचा 243 पैकी 202 जागांचा विजय आणि त्याआधी मतदार याद्यांच्या पुनरीक्षणात प्रारूप यादीतून गळलेली 65 लाख नावे, या दोन्ही गोष्टी मला सलग वाचाव्या लागल्या. दोन्ही बाजूंच्या विवेचनात तथ्य होते, हे मी मान्य करतो.

ऑगस्टची फाइल मात्र मी दोन दिवस खाली ठेवली नाही. 7 ऑगस्टला दिल्लीत कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दी परिषदेत पंतप्रधानांनी सांगितले की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड होणार नाही, मग त्याची व्यक्तिगत किंमत मोजावी लागली तरी चालेल. अमेरिकेने आयातशुल्काचा बडगा उगारला असताना असे बोलायला धैर्य लागते, आणि मक्याचा, सोयाबीनचा, दुधाचा बाजार सरकारने तिथल्या दबावाखाली उघडला नाही, याचे श्रेय विरोधात असूनही मी देतो. पण त्याच फाइलीचे दहा-बारा अंक उलटले की 19 ऑगस्टपासून कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवल्याची बातमी येते. आधी ही सूट 30 सप्टेंबरपर्यंत होती. 27 ऑगस्टला भारतीय मालावर अमेरिकेचे एकूण 50 टक्के शुल्क लागू झाले आणि दुसऱ्याच दिवशी या सवलतीची मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली.

ही दुसरी बातमी शोधताना एक अडचण आली. मराठी दैनिकाच्या त्या पानावर तळहाताएवढा चौकोन ब्लेडने कापलेला होता. पानाच्या मागच्या बाजूला नोकरभरतीची जाहिरात असावी. ती कुणीतरी कापून नेली आणि तिच्यासोबत कापसाच्या बातमीचा अर्धा मजकूरही गेला. ग्रंथपाल बाईंना दाखवले, तर त्या काही न बोलता आतल्या कपाटाकडे गेल्या आणि त्याच तारखेचे हिंदी दैनिक घेऊन आल्या. "काका, मुलांना रागावता पण येत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. पलीकडच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुले खाली मान घालून बसली होती. त्यांतली निम्मी मुले कापूस पिकवणाऱ्या घरांतलीच असतील, असे मला राहून राहून वाटले.

कापड गिरण्यांना अमेरिकेतल्या घटत्या मागणीचा फटका बसणार, म्हणून त्यांना स्वस्त कापूस मिळावा, हा सरकारचा हिशेब मला समजतो. पण ऑगस्टमध्ये पेरण्या कधीच आटोपलेल्या असतात, शेतकऱ्याला पीक बदलण्याची सोय उरलेली नसते, आणि वेचणी सुरू होण्याच्या तोंडावर बाहेरच्या गाठी बिनशुल्क आल्या तर भाव कुणाचा पडणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2025-26 च्या हंगामात क्विंटलला 8110 रुपये होता. तथापि तो मिळवायला आधी ॲपवर नोंदणी करा, मग ओलावा 12 टक्क्यांच्या आत असल्याची खात्री पटवा, तोवर पैशाची नड असलेला माणूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, कमी भावाने माल देऊन मोकळा होतो. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते होते आणि मीही आहे. मात्र डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद करायची आणि 2025 मध्ये कापसाची, तुरीची आयात बिनशुल्क करायची, याला खुला बाजार म्हणता येत नाही. जगाच्या भांडणात प्रत्येक वेळी आमचाच माल पुढे केला जातो, हे या फाइलींनी मला तारखांसह दाखवले.

पहलगाममध्ये मारली गेलेली 26 माणसे, 7 मेचे ऑपरेशन सिंदूर, 10 मेचा शस्त्रविराम आणि त्याचे श्रेय घेणारे ट्रम्प, ऑक्टोबरमध्ये गाझात झालेली युद्धबंदी, हे सारे पुन्हा वाचताना मन जड झाले. त्यावर माझ्यापाशी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. आपल्या अमरावतीचे भूषण गवई मे महिन्यात सरन्यायाधीश झाल्याचे पान मात्र मी दोनदा वाचले. ऑक्टोबरअखेर बच्चू कडूंच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी नागपूर-हैदराबाद महामार्ग अडवला, आणि कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026 पर्यंत घेण्याचे आश्वासन घेऊन ते परतले. पुढे 8 ते 14 डिसेंबर असे विधिमंडळाचे सात दिवसांचे हिवाळी अधिवेशन इथे नागपुरात झाले, तेही दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नसताना. 1953 च्या नागपूर कराराने जे अधिवेशन आपल्या हक्काचे केले, ते असे उरकले जावे, याचा मला संताप आहे.

वाचनालयाच्या दोन उणिवा सांगितल्याच पाहिजेत. फाइलींच्या खोलीतली एक ट्यूबलाइट दिवाळीपासून बंद आहे आणि बारीक टाइप वाचायला खिडकीशी उभे राहावे लागते. दुसरी उणीव गंभीर आहे: वर्ष संपले की फाइली रद्दीत जातात. 2024 च्या निवडणुकीत कर्जमाफीचे आश्वासन कोणत्या शब्दांत दिले होते, ते मला ताडून पाहायचे होते, पण तो गठ्ठा केव्हाच विकला गेला होता. जागेची टंचाई आहे, हे खरे. तरीही किमान एका मराठी दैनिकाची फाइल पाच वर्षे जपावी, असा अर्ज मी कार्यकारी समितीकडे दिला आहे, आणि बांधणीचा यंदाचा खर्च मी देतो, असेही त्यात लिहिले आहे. तूर्त ऑगस्ट ते डिसेंबरचे गठ्ठे बाईंनी माझ्या सांगण्यावरून बाजूला काढून ठेवले आहेत. ज्यांना ते पाहायचे असतील त्यांनी समितीची बैठक होईपर्यंत, सकाळी अभ्यासिकेची गर्दी वाढण्याआधी जावे.