फ्रीमँटलचं आर्मी म्युझियम: मार्टिन ओमेरासाठी तरी जाच

पर्थजवळचं फ्रीमँटल म्हणजे आमच्यासाठी जेल, मार्केट आणि फिश अँड चिप्स, पर्थमध्ये सात वर्षं राहून बर्ट स्ट्रीटवरच्या आर्मी म्युझियममध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. गेल्या रविवारी साताऱ्याहून आलेल्या बाबांना घेऊन गेलो (ते आर्मी मेडिकल कोअरमधून रिटायर झालेत) आणि अर्ध्या तासाचा प्लॅन तीन तासांवर गेला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पहिल्या महायुद्धातल्या मार्टिन ओमेराच्या व्हिक्टोरिया क्रॉसपाशी (ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक). एवढासा, मळकट तपकिरी क्रॉस, वर डाळिंबी रिबन, लक्ष नसेल तर सरळ पुढे निघून जाल. ओमेरा मूळचा आयर्लंडमधल्या टिपेररीचा, इकडे ऑस्ट्रेलियात येऊन कॉली गावाजवळच्या जंगलात रेल्वे रुळांखालचे लाकडी स्लीपर तासायचा, 1915 ला भरती झाला, 16वी बटालियन, काम स्ट्रेचर उचलायचं. ऑगस्ट 1916 ला फ्रान्समध्ये पोझिएरला चार दिवस तोफा आणि मशीनगन चालू असताना हा परत परत दोन्ही खंदकांमधल्या मोकळ्या पट्ट्यात जाऊन जखमींना उचलून आणत राहिला, वर आपणहून दारूगोळासुद्धा पोचवला. बाबा काचेसमोरून हलेनात. म्हणाले, "अरे, सपाट रस्त्यावर स्ट्रेचर धरला तरी दहा मिनिटांत बोटं उघडत नाहीत, आणि हा चिखलात चार दिवस?"

हे पदक 2019 ला वर्षभरासाठी डब्लिनच्या नॅशनल म्युझियमला दिलं होतं, त्यासाठी ऑस्ट्रेलियाला नियम बदलावे लागले, कारण असं पदक देशाबाहेर न्यायला बंदी होती. मला हे फार आवडलं, त्याच्या मायदेशातल्या लोकांना बघायला तरी मिळालं.

पण पुढचं वाचून पोटात कालवलं. तीन वेळा जखमी होऊन माणूस वाचला, 1918 च्या नोव्हेंबरमध्ये पर्थला परत आला आणि आल्या आल्या मन ढासळलं ते कायमचंच. उरलेली सतरा वर्षं मनोरुग्णालयात, 1935 ला तिथेच वारला.

जाताना ओळखपत्र जवळ ठेवा, लष्कराची जागा आहे. घाईत अजिबात जाऊ नका, निदान दोन तास हवेतच, आणि घरात कुणी फौजी असेल तर त्यांना न्याच. माझ्याकडून पाचपैकी पाच.

येताना ट्रेन क्लेअरमाँटवरून गेली, ओमेराला ठेवलं होतं ते हॉस्पिटल इथलंच. पुढे कराकट्टा स्टेशन आलं, त्याची कबर तिथल्या स्मशानभूमीत आहे. बाबा काही न बोलता उठून दाराशी जाऊन उभे राहिले, मग आम्ही तिथेच उतरलो.