घरच्या घरी गाडीला स्प्रे रंग: कॉम्प्रेसर, गन आणि टू-के पांढरा रंग, एक उन्हाळा व एक पावसाळा वापरल्यानंतर

गाडी घरी रंगवायचे ठरले की बहुतेकांची पहिली चौकशी गनची असते. संक्रांतीनंतर रंगवलेल्या गाडीने आता खानदेशातला एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा काढला आहे. या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की आधी हवेची, मग स्वतःच्या श्वासाची, त्यानंतर रंगाची आणि सर्वांत शेवटी गनची निवड करावी. चांगली गन अपुऱ्या किंवा ओलसर हवेवर चालवली, तर ती साध्या गनइतकेही काम देत नाही.

गाडी मारुतीची पांढरी वॅगन आर आहे. यावल तालुक्यात वर्षानुवर्षे उघड्यावर उभी राहिल्यामुळे तिच्या छताचा आणि बॉनेटचा रंग खडूसारखा हाताला लागत होता. पत्रा मात्र धड होता आणि गंज केवळ दारांच्या खालच्या कडांना होता. मूळचाच पांढरा रंग ठेवायचा असल्यामुळे आरसीवर काही बदल करावा लागणार नव्हता. ज्यांना रंग बदलायचा आहे, त्यांनी आरटीओमध्ये त्याची नोंद करून घेणे आवश्यक आहे.

कॉम्प्रेसर निवडताना सर्वाधिक फसगत होते ती सीएफएमच्या, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते त्याच्या, आकड्यात. दुकानात जो आकडा सांगितला जातो, तो बहुधा पिस्टनने ओढलेल्या हवेचा असतो. टाकीतून प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा त्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश इतकीच असते. २ अश्वशक्तीच्या बेल्टच्या कॉम्प्रेसरवर ८ सीएफएम लिहिलेले असले, तर हाती साडेपाच-सहा सीएफएम, म्हणजे मिनिटाला सुमारे १६० लिटर हवा येते असे समजून चालावे. याउलट एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) प्रकारच्या मोठ्या गनला १० ते १४ सीएफएम लागते. ती अशा कॉम्प्रेसरला जोडली, तर छताच्या पहिल्या अर्ध्या भागावर रंग ओला व सपाट बसतो; पुढे टाकीतला दाब उतरत जातो, फवारा जाड होतो आणि उरलेल्या अर्ध्या भागावर दाणे उमटतात. मोठी टाकी ही वेळ थोडी पुढे ढकलते, पण हवेची तूट भरून काढत नाही.

मी बंद पडलेल्या एका पंक्चर दुकानातला २ अश्वशक्तीचा, दोन सिलिंडरचा जुना कॉम्प्रेसर घेतला. जुना घेणाऱ्याने टाकीच्या तळाचा नळ उघडून पाहावा. गंजाचे लालसर पाणी आणि पोपडे येत असतील, तर किंमत कितीही कमी असली तरी ती टाकी घेऊ नये, कारण आतून पातळ झालेली टाकी दाबाखाली फुटू शकते. सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने ओढून हवा सुटते का, हेही तिथेच पाहावे. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरते आणि मोटार नुसती गुणगुणत राहते, म्हणून फवारणीचे काम दिवसा, व्होल्टेज स्थिर असतानाच करावे लागते.

हवेतल्या पाण्याचा मुद्दा मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण घरच्या कामातले निम्मे दोष तिथूनच येतात. हवा दाबली की तापते आणि तापलेल्या हवेत पाणी वाफेच्या रूपाने राहते. फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडालाच बसवला, तर ही वाफ त्यातून सरळ निघून जाते आणि पुढे नळीत थंड होऊन तिचे थेंब बनतात. ते थेंब गनमधून रंगात आले की पृष्ठभागावर फुगे आणि बारीक गोल खड्डे पडतात. त्यासाठी मी कॉम्प्रेसरपासून भिंतीवरून जीआय पाइपची लांब ओळ नेली, तिला किंचित उतार देऊन खालच्या टोकाला पाणी सोडायचा नळ बसवला आणि हवा वरच्या बाजूने घेऊन, ती पुरेशी थंड झाल्यावर, शेवटी फिल्टर व रेग्युलेटर लावला. ऑगस्टमध्ये बंपरचे किरकोळ काम केले, तेव्हा फिल्टरच्या काचेत पाणी साचताना डोळ्यांनी दिसत होते. हिवाळ्यात तीच काच जवळपास कोरडी राहिली होती. रबरी नळी आतून १० मिमीची असावी. दाब नेहमी गनच्या मुठीजवळच्या मीटरवर आणि चाप पूर्ण ओढलेला असताना मोजावा, कारण चाप सोडलेला असताना दिसणारा आकडा निरुपयोगी असतो.

इतकी तयारी झाल्यावर गनची निवड सोपी होते. उपलब्ध हवेत चालेल अशी, वरती कप असलेली, डब्ल्यू-७१ धाटणीची साधी गन मी घेतली आणि तिने चोख काम दिले. रंगासाठी १.३ ते १.४ मिमीचा नोझल पुरतो. प्रायमर दाट असतो, त्यासाठी १.७-१.८ मिमीची दुसरी स्वस्त गन वेगळी ठेवावी. एचव्हीएलपी गनचा रंग वाया कमी जातो आणि धूळही कमी उडते, हा तिचा खरा गुण आहे. ज्यांच्याकडे ५ अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी. काम संपताच गन उघडून सुई, नोझल आणि एअर कॅप थिनरने धुणे हे गन कुठली आहे यापेक्षा महत्त्वाचे आहे. एअर कॅपची छिद्रे तारेने कोरू नयेत. मऊ ब्रश आणि थिनर पुरेसे असते.

रंगाच्या बाबतीत घरच्या माणसापुढे दोन मार्ग असतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास ड्युको म्हणतात तो रंग, केवळ थिनर उडून गेल्यामुळे वाळतो. तो लवकर वाळतो, धूळ कमी पकडतो आणि हाताळायला सोपा आहे. परंतु वाळल्यानंतरही थिनरने विरघळतो, पेट्रोल सांडले की डागाळतो, आणि आपल्या उन्हात त्याची चमक टिकवण्यासाठी वारंवार पॉलिश करावे लागते. टू-के, म्हणजे दोन घटकांच्या, पीयू (पॉलियुरेथेन) रंगात हार्डनर मिसळल्यामुळे रासायनिक बंध तयार होतात आणि रंग पक्का होतो. गनमधून निघतानाच त्याला चमक असते आणि पेट्रोलचा थेंब पडला तरी त्याला काही होत नाही. गाडीला मी टू-के वापरला आणि पुन्हा वेळ आली तर तोच वापरेन.

येथे रंगाची छटाही विचारात घ्यावी. साधा पांढरा, लाल किंवा काळा टू-के रंग वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, न मारताही चालतो. थर कमी असल्यामुळे धूळ बसण्याच्या वेळाही कमी येतात, आणि एखादा ओघळ आलाच तर तो वाळल्यावर १५०० व २००० च्या वॉटर पेपरने घासून कंपाउंडने उजळता येतो. सिल्व्हरसारख्या मेटॅलिक रंगात आधी बेस आणि वर क्लिअर असे दोन टप्पे असतात, आणि हात जरा हलला तरी त्यातल्या चकाकीचे पट्टे उमटतात, जे घासून जात नाहीत. मेटॅलिक गाडी घरी रंगवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

माझ्या गाडीच्या पांढऱ्याचा कोड २६यू आहे, तरीही जळगावच्या रंगाच्या दुकानात मी पेट्रोलच्या टाकीचे बाहेरचे झाकण काढून सोबत नेले. मिक्सिंग करणारे काका म्हणाले, “दादा, कोड कारखान्याचा असतो, उन्हाचा नसतो.” त्यांनी झाकणाशी ताडून किंचित पिवळट छटा घातली, आणि न रंगवलेल्या दारांच्या आतल्या कडांशी रंग आज बेमालूम जुळतो. रंग आणि हार्डनरचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते. कुठे ते २:१ असते, कुठे ४:१. हे माप अंदाजाने घेऊ नये, आणि लवकर वाळावा म्हणून हार्डनर वाढवू नये, कारण त्याने रंग ठिसूळ होतो. हार्डनरचा उघडलेला डबा हवेतली ओल शोषून बाद होतो, म्हणून लहान डबे घेणे हिताचे.

ऋतूची निवड खानदेशात फार जपून करावी लागते. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४५ अंशांवर असताना रंग पत्र्यावर पोहोचण्याआधी हवेतच वाळतो आणि खरबरीत बसतो. त्या दिवसांत संथ, म्हणजे हळू उडणारा, थिनरही मर्यादित मदत करतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे, विशेषतः एनसी रंगावर, पांढरट धुरकट छटा येते. दिवाळीच्या आसपास थंडी सुरू होते खरी, पण तेव्हा कापसाच्या वेचणीचा आणि जिनिंगचा हंगाम असतो, आणि रुईचे तंतू आमच्या अंगणापर्यंत येतात. म्हणून मी जानेवारीचा उत्तरार्ध निवडला आणि सकाळची थंडी ओसरल्यावर, साधारण अकरा ते तीन या वेळेत फवारणी केली.

आडोशासाठी टरबुजाच्या गादीवाफ्यांवर अंथरायचा चंदेरी-काळा मल्चिंग पेपर वापरला. चंदेरी बाजू आत ठेवल्यामुळे शेडमध्ये उजेड भरपूर मिळाला. वाऱ्याने फडफडू नये म्हणून त्याच्या खालच्या कडेला ठिबकच्या जुन्या नळ्या गुंडाळून वजन दिले, आणि तो धूळ ओढत असल्यामुळे आदल्या संध्याकाळी जमिनीसह पाण्याने ओला केला. एक बाजू हवा बाहेर जाण्यासाठी मोकळी ठेवली. थिनरची वाफ पेट घेणारी असल्यामुळे घरगुती पंखा किंवा कूलर आत लावू नये. त्याच्या मोटारीतली ठिणगी पुरेशी असते.

आता मास्क. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचे सूक्ष्म तुषार श्वासात गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी झाली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. वासावरून धोक्याचा अंदाज येत नाही. वास जाणवेपर्यंत मात्रा घातक झालेली असू शकते. गॅरेजमध्ये रुमाल बांधून टू-के मारणारी तरुण पोरे मी पाहिली आहेत आणि ते पाहून मनापासून वाईट वाटते, कारण रुमाल या तुषारांना काडीमात्र अडवत नाही. मी स्वतंत्र ब्लोअरवर चालणारा ताज्या हवेचा मास्क घेतला आणि तो ब्लोअर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, शेडपासून दूर ठेवला. रंगाच्या कॉम्प्रेसरची हवा तेलकट असते, ती श्वासासाठी घेऊ नये. हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडेही हवेतच. ज्यांना ही सोय परवडत नाही, त्यांनी घासणी, लांबी आणि प्रायमरपर्यंतचे काम घरी करून शेवटचा थर बूथ, म्हणजे रंगकामाची बंद खोली, असलेल्या गॅरेजमधून मारून घ्यावा. त्यातही पैशांची चांगली बचत होते.

आज छत आणि बॉनेट यांची चमक दारांइतकीच आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) कडक उन्हानंतर हात फिरवून पाहिला, तर पांढरी पूड लागली नाही. पहिले तीन महिने मी वॅक्स लावले नाही, कारण रंग आतून पूर्ण पक्का होऊ द्यायचा होता. केळीच्या चिकाचा तपकिरी डाग शाम्पूच्या पाण्याने निघाला. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे ठिपके मात्र उन्हात वाळले की हट्टी होतात, म्हणून गाडी सावलीत धुऊन लगेच पुसतो. मागच्या दारावर, खिडकीखाली, जवळून पाहिले तर पृष्ठ थोडे दाणेदार आहे. ते येत्या हिवाळ्यात २००० च्या पेपरने घासून घेणार आहे. पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावर दगड लागून नखाएवढा रंग उडाला होता. प्लास्टिकला त्याचा वेगळा प्रायमर लागतो, तो मारून ऑगस्टमध्ये केलेली दुरुस्ती अजून तरी घट्ट धरून आहे.