पर्लच्या हॅशपासून ॲट्रिब्यूटसह एक्सएमएल: काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या हिशेबासाठी मी गेले काही महिने पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतील ‘एक्सएमएल::सिंपल’ हे मॉड्यूल (तयार कोडचा संच) वापरत आहे. ऑर्डरची माहिती हॅशमध्ये, म्हणजे किल्ली आणि तिची किंमत (व्हॅल्यू) अशा जोड्यांत असते; टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ती एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅगमध्ये मांडलेल्या मजकुराच्या रूपात लागते. त्यातही व्हाउचरचा प्रकार ॲट्रिब्यूट (टॅगच्या कंसातच लिहिलेली माहिती) म्हणून, तर तारीख, पार्टीचे नाव आणि रक्कम स्वतंत्र टॅगमध्ये द्यावी लागते.

या मॉड्यूलचा ‘एक्सएमएलआउट’ हा फंक्शन एका साध्या नियमाने चालतो: हॅशमधील किल्लीची किंमत साधी असेल तर तिचे ॲट्रिब्यूट होते आणि तीच किंमत ॲरेच्या (यादीच्या) चौकोनी कंसात ठेवली की तिचा टॅग होतो. त्यामुळे काय कुठे जाणार हे वेगळ्या सेटिंगमध्ये न राहता डेटाच्या रचनेतच दिसते, आणि मला हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. पार्टीच्या नावातील ‘&’ हे चिन्हही ते आपोआप योग्य रूपात लिहिते. मुळाचा टॅग मात्र ‘रूटनेम’ने स्पष्ट सांगावा, अन्यथा तो ‘ऑप्ट’ होतो.

टॅलीखेरीज गोदामासाठी आम्ही डिझाइननिहाय मालाची यादीही काढतो. त्या हॅशच्या किल्ल्या म्हणजे ४१२ यांसारखे डिझाइन नंबर असतात, आणि एक्सएमएलमध्ये टॅगचे नाव अंकाने सुरू होऊ शकत नाही. ‘कीॲट्र’ या पर्यायात ‘आयटम’साठी ‘कोड’ असे सांगितले की प्रत्येक डिझाइनचा ‘आयटम’ टॅग तयार होतो आणि नंबर त्याच्या ‘कोड’ या ॲट्रिब्यूटमध्ये जातो. ही सोय नसती तर प्रत्येक यादीसाठी मला वेगळा लूप लिहावा लागला असता.

क्रमाच्या बाबतीत मात्र हे मॉड्यूल तोकडे पडते. ते किल्ल्या वर्णानुक्रमाने लावते. ‘नोसॉर्ट’ दिल्यास हॅशचा स्वतःचा क्रम येतो, आणि पर्ल ५.१८ पासून तो प्रत्येक वेळी बदलू शकतो. ‘सॉर्टेड_कीज’ ही मेथड नव्याने लिहून ठरावीक क्रम मिळवता येतो, पण ज्यांच्या स्कीमामध्ये (फाइलच्या रचनेच्या नियमांत) टॅगचा क्रम बंधनकारक आहे त्यांनी सरळ ‘एक्सएमएल::रायटर’ हे दुसरे मॉड्यूल घ्यावे. नव्या कामात ‘एक्सएमएल::सिंपल’ वापरू नये, असे त्याच्या कागदपत्रांतच म्हटले आहे. आमच्यासारख्या लहान, ठरलेल्या साच्याच्या कामासाठी मी ते चालू ठेवले आहे. निर्यातीच्या कागदपत्रांचे काम आले तर तेथे ‘रायटर’च वापरेन.