मोकळे टॅग की ठरलेली यादी? शेतकरी ग्रुपमधल्या जुन्या चर्चा सापडाव्यात म्हणून

कापसाच्या पट्ट्यातल्या शेतकरी ग्रुपवर सप्टेंबर-ऑक्टोबरात एक फोटो दरवर्षी येतो. लाल पडलेलं पान आणि खाली ‘हे काय आलं भाऊ?’ त्याच ग्रुपमध्ये दोन वर्षांपूर्वी यावर नीट, सविस्तर चर्चा झालेली असते, पण ती सापडत नाही. ‘लाल्या’ (कापसाची पानं लाल पडण्याला हेच नाव) म्हणून शोधलं तर हाती काही लागत नाही, कारण विचारणाऱ्यानं ‘पान लाल’ लिहिलं होतं आणि खरं उत्तर व्हॉइस मेसेजमध्ये होतं.

अशा चर्चांना टॅग, म्हणजे विषय सांगणारे शब्द, लावायला गावातले स्वयंसेवक तयार झाले की पहिला प्रश्न पद्धतीचा येतो. वाचणाऱ्याला सुचेल तो शब्द त्यानं लावावा, की आधी यादी करून तिच्यातूनच निवडावा? दोन्हीकडे फायदा आहे, दोन्हीकडे खड्डे आहेत. पण निवड कोणतीही करा, पहिलं काम सारखंच आहे.

चर्चा बाहेर काढताना

व्हॉट्सॲपची चॅट एक्सपोर्ट करताना फोटो-ऑडिओ सोडून फक्त मजकूर घेतला तर शेवटचे ४०,००० मेसेज मिळतात, फोटोंसह घेतले तर १०,०००. नंतर ग्रुपमध्ये आलेल्याच्या फोनवर आधीचे सगळे मेसेज नसतात, म्हणून एक्सपोर्ट सर्वात जुन्या सदस्याच्या फोनवरून करा, आणि त्यानं मधे चॅट साफ केली नाही ना, हे आधी विचारा. मजकुराची एक प्रत आणि फोटो-ऑडिओसह दुसरी, अशा दोन्ही घ्या.

एक्सपोर्टमध्ये कोणी कोणत्या मेसेजला रिप्लाय दिला, ते दिसत नाही. ग्रुपवर बोट लावून दिलेलं उत्तर फाइलमध्ये सुटं पडतं. लाल्याच्या प्रश्नाखाली ‘आज कापसाचा भाव काय?’ येतो, त्याखाली ‘मॅग्नेशियम मार’. म्हणून सुट्या मेसेजला टॅग लावू नका. प्रश्न आणि त्याची सगळी उत्तरं मिळून एक चर्चा, एक ओळ, एक क्रमांक. हे जुळवण्याचं काम टॅग लावण्यापेक्षा वेळखाऊ आहे, आणि ते गावातलाच माणूस नीट करू शकतो.

व्हॉइस मेसेज ऐकून एका वाक्यात सार लिहा. नावं आणि फोन नंबर इथेच काढून टाका. कर्ज, आजारपण, घरचे वाद अशा मेसेजना या कामात जागा नाही, ते सरळ वगळा.

एकच चर्चा, दोन तऱ्हा

चर्चा अशी धरा: ‘पऱ्हाटी लाल पडून राहिली, काय मारू?’ (पऱ्हाटी म्हणजे कापूस.) सोबत फोटो. एकजण म्हणतो, ‘लाल्या होय.’ दुसरा विचारतो, ‘वावरात पाणी साचलं होतं काय?’ तिसऱ्याच्या व्हॉइसमध्ये आहे की रात्रीची थंडी वाढली, बोंडं भरताना झाडाला अन्न कमी पडलं, मॅग्नेशियम सल्फेट एक टक्का मारा, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम.

मोकळ्या पद्धतीत तीन स्वयंसेवक साधारण असे टॅग लावतात. पहिला: लाल्या, कापूस. दुसरा: पऱ्हाटी, पान लाल. तिसरा: मॅग्नेशियम, फवारणी, महत्त्वाचे. तिघांचंही बरोबर आहे, पण एकही शब्द सामाईक नाही. उद्या कोणी ‘कपाशी’ म्हणून शोधलं तर ही चर्चा कोणाच्याच टॅगनं सापडणार नाही. ‘महत्त्वाचे’ तर टॅगच नव्हे. महिनाभरात अर्ध्या ओळींवर तो शब्द दिसतो आणि त्यातून काहीच वेगळं काढता येत नाही.

ठरलेल्या यादीत हीच ओळ अशी भरते. पीक: कापूस. विषय: लाल्या. अवस्था: बोंडे. उत्तर: आहे. कोणीही भरलं तरी हेच येतं. पण दुसऱ्या स्वयंसेवकानं लिहिलेलं ‘पान लाल’ यादीनं गमावलं, आणि रोगाचं नाव ठाऊक नसलेला शेतकरी नेमकं तेच टाइप करतो. यादीचं मोठं नुकसान हेच आहे.

मोकळे टॅग कुठे फसतात

आपल्याकडे एका वस्तूला शब्द अनेक. कापूस, कपाशी, पऱ्हाटी. भुईमूग आणि फल्ली. हरभरा आणि चना. बाहेरून आलेला विद्यार्थी कोळपणी लिहितो, गावचा पोरगा डवरणी. त्यात रोमन अक्षरात टाइप करणारे वेगळे.

याहून त्रासदायक म्हणजे शब्द एकच, दिसायलाही एकच, पण आतून वेगळा. ‘पऱ्हाटी’तला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ते दोन शब्द. शीटचं फिल्टर उघडलं की यादीत ‘पऱ्हाटी’ दोनदा दिसते, तेव्हा हे ध्यानात येतं. ‘ॲसिड’मधला ॲ तसाच. तो एक अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र देऊनही. उपाय ‘शोधा आणि बदला’: एक रूप कॉपी करून वरच्या चौकटीत, दुसरं खालच्या, सगळीकडे बदला. जोडचिन्ह नुसतं पुसू नका. पुसलं की ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ होतं. हे पंधरा दिवसांनी एकदा तरी करावं लागतं, आणि मोकळ्या टॅगमध्ये त्याला शेवट नाही.

ठरलेली यादी कुठे फसते

यादी बहुधा कृषी पुस्तिका समोर ठेवून केली जाते, त्यामुळे ती कीड आणि रोगांनी भरते. ग्रुपवरचे प्रश्न मात्र रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचे, पीकविम्याचे, भावाचे, कृषीपंपाच्या विजेचेही असतात. त्यांना खाना नसला की सगळं ‘इतर’मध्ये जातं. ‘इतर’ दहा टक्क्यांवर गेलं तर दोष यादीचा समजा, स्वयंसेवकांचा नव्हे.

दुसरी चूक जोडनावांची: ‘कापूस-लाल्या’, ‘तूर-मर’, ‘हरभरा-मर’. बारा पिकं आणि पंधरा विषय अशा जोड्यांत मांडले तर १८० नावं होतात. दोन वेगळ्या रकान्यांत ठेवले तर २७ पुरतात. ग्रंथालयशास्त्रात एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली विषयाचे पैलू सुटे करून जोडण्याची पद्धत मांडली, तीच इथे कामी येते. पीक वेगळं असलंच पाहिजे, कारण नुसत्या ‘मर’वरून काही कळत नाही. तुरीची मर बुरशीची, कपाशीची आकस्मिक मर ताणानंतर एकदम पाणी मिळाल्यानं येते. उपाय अगदी वेगळे. ‘तुडतुडे’ही असेच, कपाशीवरची कीड निराळी, धानावरची निराळी.

म्हणून यवतमाळची कापसाची यादी उचलून भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्याला लावू नका. तिथे पऱ्हे, रोवणी, बांधी, गादमाशी, करपा, मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी हे शब्द हवेत. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात आंबिया आणि मृग बहार, फळगळ, डिंक्या, कोळशी.

एका रकान्यात वीसपेक्षा जास्त पर्याय नकोत. फोनवर खालपर्यंत सरकवायचा कंटाळा येतो आणि जो पहिला दिसेल तो निवडला जातो.

माणसं आणि तास

निवड खरी इथे ठरते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं, पुढच्या वर्षी चेहरे बदलतात. अशा पोरांना मोकळे टॅग दिले तर दरवर्षी नवी भाषा सुरू होते. त्यांना यादीच द्या. उलट गावातले दोन-तीन जाणते लोक तीन-चार वर्षं टिकणार असतील तर मोकळे टॅग चालतात, अट एवढीच की त्यांतल्या एकानं दर महिन्याला समानार्थी शब्द एकत्र करायचे. हे काम नेमून दिलेलं नसेल तर कोणीच करत नाही.

वेळेचा अंदाज असा बांधा. जुळवलेल्या एका चर्चेला दीड मिनिट धरलं तर ६,००० चर्चांना १५० तास लागतात, दहा जणांत प्रत्येकी १५. जुळवणीचा आणि व्हॉइस ऐकण्याचा वेळ वेगळा. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त करू नये, पुढे चुका वाढतात.

सुरुवातीला त्याच ५० चर्चा दोघांना द्या, एकमेकांचं न पाहता टॅग लावायला. चाळीसपेक्षा कमी ठिकाणी विषय जुळला तर थांबा, कुठे फाटलं ते पाहून यादी दुरुस्त करा आणि मगच पुढे जा.

आमचं मत

पहिल्या ३०० चर्चांना मोकळे टॅग लावा, त्यांतून वारंवार आलेले शब्द उचलून यादी करा, आणि नंतर यादीच वापरा. सोबत ‘लोक काय म्हणतात’ असा एक मोकळा रकाना कायम ठेवा. ‘पान लाल’, ‘शेंडा कोमेजला’, ‘फळ टपाटपा पडते’ हे त्यात, विचारणाऱ्याच्याच शब्दांत. दोन्हींतलं एकच घ्यायचं असेल तर बदलत्या माणसांच्या गावात ठरलेली यादी घ्या. चर्चा ५०० च्या आत असतील तर एवढा खटाटोप नको, मोकळे टॅग पुरे.

जागा म्हणून गुगल शीट बरी. व्हॉट्सॲपवर दुसऱ्याच्या जुन्या मेसेजला सगळ्यांना दिसेल असा टॅग लावता येत नाही, तारांकित केलेला मेसेज ज्याचा त्यालाच दिसतो. शीटमध्ये पर्यायांची ड्रॉपडाउन ठेवा, टॅग लावणाऱ्यांनाच बदलाचा हक्क द्या, बाकी गावाला फक्त पाहता येईल असं करा. नेहमीचा घोळ असा: कोणीतरी एकच रकाना निवडून क्रमवारी लावतो आणि सगळ्या ओळींचे टॅग हलतात. सुधारायला जुन्या आवृत्तीवर जावं लागतं. कुठे बिघडलं ते जुन्या आवृत्तीशी चर्चेचे क्रमांक ताडून पाहता येतं, म्हणून पहिला रकाना क्रमांकाचा ठेवून तो कुलूपबंद करा.

तारखेचा रकाना रिकामा ठेवू नका, आणि शेजारी ‘अजून लागू?’ हा रकाना असू द्या. एक रुपयात पीकविमा २०२३ च्या खरिपापासून होता, २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. जुनं उत्तर तारखेशिवाय सापडलं तर माणूस फसतो. औषधाच्या मात्रेबाबत तर जास्तच जपा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून झालेल्या विषबाधेत माणसं गेली. म्हणून दोन औषधं मिसळण्याचा सल्ला असलेल्या प्रत्येक ओळीवर ‘मात्रा तपासा’ हा टॅग लावा, आणि डब्यावरचं लेबल किंवा कृषी विद्यापीठाची शिफारस पाहून ज्यानं तपासलं त्याच्या आद्याक्षरांशिवाय तो काढू नका.