नासी लमाक की नासी पाडांग? गेलांग सेरायमध्ये एकाच जेवणाची सवड असेल तर

सिंगापूरला आलेल्या पाहुण्यांना इथलं खरंखुरं मलय जेवण जेवायचं असतं, आणि हातात सहसा एकच दुपार असते. मी त्यांना पाया लेबार स्टेशनवरून चालत गेलांग सेरायच्या बाजारात नेते. खाली मासळी, भाजी, मसाले आणि वरच्या मजल्यावर खाण्याचे गाळे. पक्की बसवलेली टेबलं, वर गरगरणारे पंखे, बाकी थाटमाट काही नाही. ‘सेराय’ म्हणजे गवती चहा. पूर्वी इथे त्याची लागवड होती, त्यावरून हे नाव पडलं.

नासी म्हणजे भात. नासी लमाक हे मलय ताट, नारळाच्या दुधातल्या भाताचं; नासी पाडांग हे पश्चिम सुमात्रातल्या पाडांगकडचं इंडोनेशियन ताट, भात आणि सोबत आपण निवडलेले पदार्थ. वर गेलं की पाहुणे गोंधळतात. मलय आणि इंडोनेशियन गाळे शेजारी शेजारी, दोन्हीकडे नारळाचे रस्से, तळलेली कोंबडी आणि लाल चटणी. खुद्द स्वयंपाक्यांच्या घरातही ही सीमारेषा पक्की नसते. इथल्या कितीतरी मलय कुटुंबांचे आजे-पणजे जावा, बावेआन किंवा सुमात्राहून आलेले आहेत. तरी ताटात फरक पडतो, आणि तो ओळखायची माझी खूण म्हणजे सांबाल, म्हणजे चटणी.

मलेशियाच्या नासी लमाकबरोबर येणारं सांबाल शिजवलेलं असतं. सुक्या लाल मिरच्या भिजवून, छोटे कांदे, लसूण आणि बलाचान (कोळंबीच्या जातीच्या बारीक जवळ्याचा आंबवलेला गोळा) घालून वाटतात आणि भरपूर तेलात मंद आचेवर परततात. कधीपर्यंत? तर ‘पेचाह मिन्याक’ होईपर्यंत, म्हणजे आपण म्हणतो तसं अगदी तेल सुटेपर्यंत. हा शब्द मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी गाळ्यापुढेच हसले होते. वर चिंच आणि साखर पडते, त्यामुळे चव तिखट-गोड-आंबट. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यात पांदानचं पान, ज्याला आपल्याकडे बरेच जण बासमतीचं पान म्हणतात. बाजूला तळलेले सुके मासे, शेंगदाणे, काकडी आणि अंडं. मलेशियात हा सकाळचा नाश्ता आहे.

इंडोनेशियन गाळ्यावर चटणी बहुधा ताजी असते. जावाचा चोबेक हा दगड पसरट आणि उथळ असतो, त्यावर वाकडा बत्ता आडवा घासून मिरची वाटतात. मलय बातू लसूंग खोल असतो, त्यात सरळ बत्त्याने कुटतात. आपल्या शब्दांत सांगायचं तर एकीकडे पाटा-वरवंट्याची चाल, दुसरीकडे खलबत्त्याची. आयाम पेन्येत मागवलंत तर पाहाल: हळद-मसाल्यात आधी शिजवून तळलेली कोंबडी बत्त्याने चेपतात, मांस हाडापासून सुटतं आणि चटणी त्या भेगांत उतरते. पाडांगवाल्याकडे हिरवं सांबाल दिसलं तर सोडू नका. हिरव्या मिरच्या जाडसर ठेचून तेलावर परतलेल्या असतात. ठेच्यावर वाढलेल्या माणसाला ओळख करून द्यावी लागत नाही.

रेंदांगचा, म्हणजे नारळ-मसाल्यात आटवलेल्या मांसाचा, फरक मात्र नीट समजून घ्यावा, कारण बरेच जण मलय रेंदांग खाऊन ‘झालं’ म्हणतात. मलय रेंदांगात केरिसिक पडतो: खोवलेलं खोबरं कोरडं भाजून, तेल सुटेस्तोवर कुटलेलं. म्हणजे आपलं भाजक्या खोबऱ्याचं वाटणच जवळपास. रस अंगाबरोबर राहतो, मांस मऊ, चव जरा गोडसर. पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांचं रेंदांग वेगळ्या वाटेने जातं. नारळाच्या दुधात कुळिंजन, गवती चहा, हळदीचं पान घालून मांस तासन्‌तास शिजवतात. रस पातळ असतो तेव्हा ते गुलाय, दाटला की कालिओ, आणि पाणी पूर्ण आटून मांस स्वतःच्याच नारळाच्या तेलात परतून काळपट झालं की रेंदांग. ते फ्रीजशिवायही दिवसच्या दिवस टिकतं. एका गाळ्यावर मावशी कढईच्या तळाची काळी खरवड उलथन्याने काढत होत्या. मी मागितली, त्यांनी भातावर घातली, आणि त्या चमचाभर खरवडीनेच मी पाडांगच्या बाजूला गेले.

शाकाहारी लोकांनी मात्र दोन्हीकडे सावध राहावं. माझ्या मामेबहिणीला मी एकदा विश्वासाने लोन्तोंग दिला. नारळाच्या रश्शातल्या भाज्या आणि भाताच्या वड्या, पाहायला निर्दोष. दोन घास झाल्यावर तिला सुक्या कोळंबीचा वास आला आणि जेवण तिथेच थांबलं. तेव्हापासून मी आधी विचारते: ‘तानपा उदांग?’, म्हणजे कोळंबीशिवाय आहे का? इंडोनेशियन गाळ्यावर गादो-गादो (उकडलेल्या भाज्यांवर दाण्याचा रस) आणि तळलेलं तेम्पे मिळतं. तेम्पे जावाचं, सोयाबीन आंबवून घट्ट लादी केलेलं. पण गादो-गादोच्या दाण्याच्या रसात तेरासी (बलाचानचाच इंडोनेशियन भाऊ) असू शकते आणि वरचा कुरकुरीत पापड बहुधा कोळंबीचा असतो. तळणीचं तेलही वेगळं नसतं. काटेकोर शाकाहारी असाल तर इथे फक्त चेंदोल खावं: नारळाचं दूध, ताडगूळ आणि हिरव्या शेवया.

मांस खाणाऱ्यांनी चार शब्द पाठ करावेत. आयाम कोंबडी, कांबिंग बकरी, इकान मासा, दागिंग हे सहसा गोमांस. रेंदांग बहुतेक ठिकाणी दागिंगचंच असतं. ते चालत नसेल तर आयाम रेंदांग विचारा, अनेक जण ठेवतात.

मग निवड कशी करायची? सकाळी आलात, सोबत लहान मुलं आहेत, किंवा तिखटाचा अंदाज नाही, तर नासी लमाक. चटणी बाजूला असते, हवी तेवढी घेता येते. दुपारी भूक लागलेली असेल, दोघं-चौघं असाल, तर नासी पाडांग घ्या. काचेमागच्या परातींकडे बोट दाखवून एक मांस, एक मासा, एक पालेभाजी सांगायची, आणि पैसे प्रत्येक पदार्थाप्रमाणे वाढतात हे ध्यानात ठेवायचं. एकच जेवण असेल तर मी पाडांगच सांगते, कारण बऱ्यापैकी नासी लमाक सिंगापुरात सगळीकडे मिळतं. कोरडं, काळं रेंदांग शोधावं लागतं.

रमजानमध्ये दुपारी यातले बरेच गाळे बंद असतात, तेव्हा संध्याकाळी या. इतर दिवशी बाराच्या आधी पोचा. गर्दी झाली की परातीतले मोठे तुकडे जातात आणि खरवड तर कधीच संपलेली असते.